पडलेल्या घराचं दार

जुन्या लाकडाच्या वखारीत जायचं तर वेळ काढून जावं लागतं. ज्या वस्तूवर डोळा आहे तिच्याकडे लगेच वळायचं नाही. आधी इकडची चार दारं, तिकडच्या दोन खिडक्या बघायच्या, कुठं ठोकून बघायचं, कुठं नखानं खरवडायचं, आणि मग सहज आठवल्यासारखं विचारायचं, हे कितीला? बेळगावहून खानापूरला जाणाऱ्या वाटेवरच्या एका वखारीत मी हेच करत होते. भिंतीला टेकून दोन झडपांचं एक सागवानी दार उभं होतं, चौकटीसकट, उंबऱ्यासकट. चौकटीच्या वरच्या पट्टीत तोरणाच्या खिळ्यांची रांग आणि उंबऱ्याच्या मधोमध लाकडात पार मुरलेला हळदीचा डाग. वखारवाल्यानं आकडा सांगितला. मी एवढंच म्हटलं, "बरंच सांगूलाय की अण्णा." आता तासभर तरी चालणार अशी मनाची तयारी केली होती, पण त्यानं एका दमात जवळजवळ निम्मा भाव केला. "हुंदे, घेऊन जावा." पोराला हाक मारून दार बाहेर ओढायला लावलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पावसात पडलेल्या घराचं हाय ते. सांगितलेलं बरं. लोकं घ्यायला बघत न्हाईत."

पैसे दिले, छोटा हत्ती ठरवला, दार घरी आणलं. इतकं जाड, इतकं जुनं सागवान त्या पैशात आम्हाला पुन्हा कधी मिळायचं नाही. तरीही रात्री हिशेबाच्या वहीत तो आकडा लिहिताना नेहमीसारखं बरं वाटलं नाही. आणि ते का वाटत नाही हे पुढं बरेच दिवस मला नीट सांगता येईना.

बेळगावच्या वडगावात आम्ही घर घेतलं ते एका विणकर कुटुंबाच्या वाटणीतलं. पुढची खोली, माजघर, मागं पडवी आणि थोडं परस. पुढच्या खोलीत पूर्वी हातमाग होता. मागाचा खड्डा बुजवून वर फरशी घातली आहे, पण पावसाळ्यात तेवढ्या चौकोनाची फरशी बाकीच्या फरशीपेक्षा ओलसर दिसते, पायालाही गार लागते. घराचं कर्ज, नोंदणीचा खर्च, छपराची डागडुजी एवढं झाल्यावर हातात काही उरलं नव्हतं. भांडी होती, अंथरूण-पांघरूण होतं, पुस्तकं होती, बाकी घर मोकळं. दुकानात हप्त्यावर सगळं मिळतं, सोफा, जेवायचं टेबल, कपाट, एका दिवसात घर भरून देतात. पण घराचा हप्ता चालू असताना बसायच्या खुर्चीचाही हप्ता भरायचा हे मला पटेना. ह्यांचं म्हणणं त्याहून सरळ होतं. जे लागेल ते लागेल तेव्हा घ्यायचं, आणि खोलून पुन्हा जोडता येईल असंच घ्यायचं. ते उद्यमबागेत, इथल्या कारखान्यांच्या भागात, लेथवर काम करतात. दुरुस्त न होणारी वस्तू बघितली की त्यांच्या कपाळाला आठी पडते. सुरुवात अशी गरजेनं झाली. पुढं हप्ते हलके झाले, तरी आम्ही जुन्याच वाटेनं जात राहिलो, कारण तोवर मला त्यातलं काहीतरी मनापासून आवडायला लागलं होतं.

काय आवडायला लागलं होतं, तर जुनी वस्तू कुणाकडून तरी येते हे.

बेळगावात चांगलं जुनं सामान मिळतं ते कॅम्पातनं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र इथं, हवाई दल सांबऱ्याला, त्यामुळं बदल्या चालूच. परीक्षा संपल्या की आवराआवर सुरू होते. ट्रकात बसेल ते न्यायचं, बाकी देऊन टाकायचं. आमचं लिहायचं टेबल, पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर घातलेली काळी लोखंडी ट्रंक आणि मुलीची पहिली सायकल तिथलीच. टेबल दिलं त्या ताई सातारकडच्या. आम्ही पोचलो तेव्हा त्या ओल्या फडक्यानं टेबलाचे पाय पुसत होत्या. विकायची वस्तू कुणी पुसून देतं का? डावा खण पावसात अडतो, तेव्हा मेणबत्ती घासायची, असं त्यांनी करून दाखवलं. निघताना "हे पण न्या" म्हणून चिनी मातीच्या बरण्या हातात दिल्या. घरात खोकी, दोरखंड, भिंतीवर फोटो काढल्याच्या फिकट चौकटी, आणि मुलं मोकळ्या खोलीत ओरडून आपलाच आवाज ऐकत होती. त्यांना पुढच्या गावाची उत्सुकता होती. अशा घरातनं वस्तू आणताना मन हलकं असतं. त्यांनाही सुटल्यासारखं वाटतं, आपल्यालाही मिळाल्यासारखं.

शहापूरच्या कपाटाचं तसं नव्हतं. जुना वाडा, खाली मोठं दगडी अंगण, वर माडी. मुलं पुण्याला, आणि काकूही आता तिकडंच जाणार होत्या. आरशाचं सागवानी कपाट, वर कोरलेली वेलबुट्टी, खालच्या खणात तरुण भारतच्या पिवळ्या पडलेल्या घड्या अंथरलेल्या. दलालानं त्यांना जास्त देऊ केले होते. पण घरात कोण कोण आहे, मुलगी कितवीत आहे, कपाट कुठल्या भिंतीला लावणार, उन्हाची तिरीप तिथं येते का, एवढं विचारून झाल्यावर त्यांनी ते आम्हालाच दिलं. मधल्या कप्प्यात खायचं काही ठेवू नका, मुंग्या लागतात, म्हणाल्या. मग कमरेच्या जुडग्यातनं किल्ली सोडवायला लागल्या. कडं घट्ट होतं, नखं दुखत होती. मी सोडवते म्हणाले तर "नको, मीच काढते" म्हणाल्या. बराच वेळ लागला. आम्ही सगळे, हमालसुद्धा, काही न बोलता उभे होतो. त्या किमतीत आम्हाला सूट मिळाली होती आणि त्या सुटीबरोबर एक जबाबदारीही आली होती. ती मला मान्य होती. आजही कपाटाला ऊन लागत नाही ना हे मी बघते.

आमच्या गल्लीतून मात्र वस्तू वेगळ्या तऱ्हेनं बाहेर पडतात. शहापूर-वडगावचे माग. यंत्रमागांची खटखट अजून दिवसभर असते, पण विरळ झाली आहे. साड्यांना उठाव नाही, सूत महाग, मजुरी तीच. मग एखाद्या घरातला माग भंगारवाल्याच्या गाडीत चढतो. लोखंड किलोवर जातं, आणि लाकडाचे रूळ, आडवं सूत नेणारे धोटे परसात पडून राहतात. शेजारच्यांनी मला एक धोटा दिला. हाताच्या घामानं आणि सुतानं तो इतका गुळगुळीत झालेला की बोट सरकत नाही, घसरतं. शहरातल्या एका हॉटेलात असेच धोटे रंगवून भिंतीवर लावलेले मी बघितले आहेत. मला ते जमलं नाही. धोटा देवाच्या खोलीत कोनाड्यात ठेवला आहे. कापड गुंडाळायचा रूळ मात्र पडवीत आडवा बसवून वाळत घालायला वापरते, कारण तो द्यायला आलेल्या मावशीच म्हणाल्या, "पडून कुजण्यापरीस कामाला लाव गे."

तर वस्तू कशामुळं घराबाहेर पडली, त्यावर तिची किंमत ठरते. बदलीवाल्यांना वेळ नसतो म्हणून स्वस्त, वाड्यात जागा बदलते म्हणून स्वस्त, मागाचं पोट भरेना म्हणून स्वस्त. आपण जिला काटकसर म्हणतो ती दुसऱ्या बाजूनं बघितली तर बहुतेक वेळा कुणाची तरी घाई असते, नाहीतर अडचण. हे मला आधी माहीत नव्हतं असं नाही. पण वखारीतल्या त्या दारानं ते अगदी समोर आणून उभं केलं.

२०१९ च्या ऑगस्टमधला पाऊस इथल्या कुणी विसरलेलं नाही. शहरातल्या जुन्या गल्ल्यांतसुद्धा भिंती गेल्या, आणि खानापूरकडच्या गावांत तर मातीच्या घरांची दैना झाली. मातीचं घर वरून पडत नाही, खालून पडतं. जोत्याशी पाणी साचून राहतं, भिंतीचा पाय भिजून फुगतो, मऊ होतो, आणि एखाद्या रात्री वरचा भार त्याला पेलवत नाही. भिंत आत किंवा बाहेर बसते आणि आढं-वासे, कौलं सगळं तिच्यावर येतं. कौलं फुटतात. पण लाकूड बऱ्याचदा धड राहतं. सागवान, मत्ती, किंदळ असं इथल्या जंगलातलं जुनं लाकूड, दोन पिढ्या चुलीचा धूर खाल्लेलं, त्याला काही होत नाही. म्हणून पडलेल्या घराचं दार माझ्यापुढं असं अखंड उभं होतं. भिंत मातीत मिसळली आणि दार उरलं.

पुढं एकदा कौलं बघायला त्याच वखारीत गेले तेव्हा मी अण्णांना विचारलं, घरवाल्याला किती दिले? त्यांनी लपवलं नाही. घर पडलं की ढिगारा उचलायला जेसीबी लागतो, ट्रॅक्टर लागतो, आणि घरवाल्याच्या हातात तेव्हा काही नसतं. मग माती उचलून जागा मोकळी करून द्यायची, त्याच्या बदल्यात लाकूड न्यायचं, असा व्यवहार होतो. कुठल्या फळीचं काय मोल हे कुणी मोजत नाही, सगळं ठोक. म्हणजे त्या दाराचे घरवाल्याला जवळजवळ काहीच मिळाले नव्हते. मग वखारीतही गिऱ्हाईक मिळेना, कारण जुन्या घराचं लाकूड नव्या वास्तूला लावू नये असं वास्तू बघणारे सांगतात, त्यात पडलेल्या घराचं म्हणजे अपशकुनीच. त्याचं पुन्हा निम्मं झालं. आणि त्या निम्म्यावर मी उभी होते.

एकाच दाराचं नुकसान तीनदा झालं, आणि शेवटचा फायदा माझा.

अपशकुनाचा प्रश्न घरी आमच्या सासूबाईंनी चुटकीसरशी सोडवला. त्या सोमवारी कपिलेश्वराला गेल्याशिवाय राहत नाहीत, उंबऱ्यावर पाय देऊन उभं राहू देत नाहीत, संध्याकाळी केर बाहेर टाकू देत नाहीत. मला वाटलं होतं, ह्या दार आत घेऊ देणार नाहीत. त्यांनी दारावरून हात फिरवला, उंबऱ्यावरचा हळदीचा डाग बघितला आणि म्हणाल्या, "दार कुठं पडलंय? पडली ती भिंत." दुसऱ्या दिवशी उंबरा धुऊन त्यांनी त्याच डागावर हळद-कुंकू वाहिलं. बाई ज्या जागी रोज हात टेकून पूजा करत होती ती जागा त्यांना ओळखीची होती. माझा प्रश्न मात्र शकुनाचा नव्हता, पैशाचा होता, आणि तो हळदीनं सुटणारा नव्हता.

दार दुरुस्तीला आमचे नेहमीचे मेस्त्री आले. वय झालंय, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, पण रंधा धरला की हात विशीतला वाटतो. त्यांनी पहिले दोन तास काहीही केलं नाही, नुसतं बघितलं. बारीक भोकं दिसली तिथं कागद खाली धरून टिचकी मारली. पिठासारखा ताजा भुसा पडला तर कीड जिवंत, नाही पडला तर भोकं जुनी. गाभ्याच्या लाकडाला काही झालं नव्हतं. कडेची जी पांढरट पट्टी असते तीच तेवढी खाल्लेली होती, ती त्यांनी वाकसानं उतरवून टाकली. दारावर ऑइलपेंटचे थरावर थर होते, वर निळा, खाली हिरवा, त्याच्याखाली कसलातरी तांबूस. हे खरवडताना त्यांनी मुलीला परसात यायला मनाई केली आणि स्वतः तोंडाला पंचा बांधून, पाणी मारून, ओलंच घासलं. जुन्या रंगात शिसं असतं. घरगुती रंगात ते ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांच्या, वर असू नये हा नियम आपल्याकडं २०१७ च्या नोव्हेंबरात लागू झाला, त्याआधीच्या डब्याचा भरवसा धरता येत नाही. मेस्त्रींना पीपीएम माहीत नसेल, पण त्या धुळीनं पोट दुखतं, पोरांना तर फार वाईट, हे त्यांना त्यांच्या वस्तादांनी सांगितलं होतं. रंग उतरल्यावर खालून मधासारखं लाकूड निघालं आणि सगळ्या परसात सागवानाचा तो कडसर, तेलकट वास पसरला. किती वर्षांनी त्या लाकडानं श्वास घेतला असेल!

असं दार बिजागरीवर नसतं. झडपेच्याच वरखाली खुंट्या काढलेल्या असतात, वरची चौकटीच्या भोकात आणि खालची उंबऱ्याच्या खळग्यात बसते, आणि सगळं दार त्यावर फिरतं. खालची खुंटी झिजून गेली होती. तिला लोखंडाची टोपी पाहिजे होती, आणि असली टोपी बाजारात मिळत नाही. ह्यांनी माप घेऊन ती वर्कशॉपात सुट्टीनंतर थांबून टर्न करून आणली. ह्या गावाला लोखंडाची हौस जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलीचं दुकान घातलं ते इथंच, पुढं कडबा कापायची यंत्रं आणि नांगर केले तेही इथंच, १९१० साली ते किर्लोस्करवाडीला गेले तरी इथं लेथ फिरायचे थांबले नाहीत. टोपी बसवली, थोडं एरंडेल सोडलं, आणि मेस्त्रींनी एका बोटानं झडप ढकलली. ती आवाज न करता भिंतीपर्यंत गेली. त्यांनी ती परत ओढली, पुन्हा ढकलली. मग बिडी पेटवून परसात जाऊन बसले. पॉलिश मात्र त्यांनी तेव्हा केलं नाही. दिवाळी होऊ द्या म्हणाले. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्यानं पातळ पातळ हात द्यायचे असतात, आणि बेळगावच्या पावसात ते केलं की हवेतल्या ओलीनं पांढुरकी झाक चढते, मग सगळं पुन्हा घासावं लागतं.

मजुरी झाली ती दाराच्या किमतीपेक्षा जास्त. शेजारच्या वहिनींनी ऐकलं आणि त्यांना ते पटेना. जुन्या लाकडाला एवढी मजुरी दिली, तर मग स्वस्तात आणून मिळवलं काय? फ्लश डोअर आलं असतं की तेवढ्यात, लॅमिनेट लावून. त्यांचा हिशेब चूक नाही. पण माझं मत आता पक्कं झालं आहे. मला पैसे वाचवायचे आहेत ते वस्तूत. मेस्त्रींच्या दिवसात नाही. दुकानातल्या दारासाठी मी जे दिले असते ते दलाल, गोदाम, वाहतूक, जाहिरात यांच्यात वाटून गेले असते आणि करणाऱ्या हाताला त्यातलं किती मिळालं असतं कोण जाणे. इथं माझे पैसे शेजारच्या गल्लीतल्या माणसाच्या घरी गेले. त्यातनं त्यांच्या नातीची वह्या-पुस्तकं झाली, हे मला माहीत आहे, कारण ती आमच्याकडे बसून अभ्यास करते. काटकसर म्हणून मजुराशी घासाघीस करणारी माणसं बघितली की मला त्रास होतो. आणि ज्यांच्याकडून हे काम करून घ्यायचं ती माणसं संपत चालली आहेत, त्याचा त्रास त्याहून जास्त होतो. मेस्त्रींचा मुलगा मॉड्युलर किचनच्या कंपनीत फिटर आहे. चांगलं काम आहे, पगार वेळेवर मिळतो. पण खुंटीवरचं दार बसवायला तो येणार नाही, त्याला कुणी शिकवलेलं नाही.

वेताच्या खुर्च्यांचंही तेच. अनगोळातल्या एका घरातून दोन खुर्च्या आम्हाला जवळजवळ फुकट मिळाल्या, बैठकीचा वेत फाटून खाली लोंबत होता म्हणून. विणणारे आजोबा हुडकायलाच कितीतरी दिवस गेले. आम्ही टिळकवाडीत विचारलं, मारुती गल्लीत विचारलं, शेवटी एका सायकलवाल्याला ते ठाऊक होते. आजोबा कानडी बोलणारे. खुर्ची उलटी करून त्यांनी पाय हलवून बघितले, "गट्टी ऐतरी", मजबूत आहे, म्हणाले आणि मांडीवर घेऊन बसले. वेत पाण्यात भिजवून मऊ करायचा, आधी उभे पदर, मग आडवे, पुन्हा उभे, पुन्हा आडवे, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी तिरके. सहावा पदर घालताना तो आधीच्या पाचांतून वरखाली जावा लागतो, तिथं बोटांना डोळे लागतात. वाळला की वेत आपोआप ताणतो, बोटानं टिचकी मारली तर डफासारखा वाजतो. खुर्ची देताना त्यांनी मला बसवून बघितलं आणि मगच पैसे घेतले. मी कानडीत जमेल तसे आभार मानले, ते मराठीत "बसा की अजून" म्हणाले.

सगळंच जुनं घ्यावं असं मी म्हणत नाही. कुकर, गॅसची नळी, वायरिंग, ह्यात आम्ही कधी हात आखडला नाही. गादी आम्ही जुनी घेत नाही, पण लग्नातली कापसाची गादी फेकूनही दिली नाही. उन्हाळ्यात पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेतो, नवा अभ्रा शिवतो. तांब्याच्या घंगाळाला काही करावं लागत नाही, पण पितळी पातेल्यांना कल्हई लागते, आणि नवसागराचा तो नाकात जाणारा धूर गल्लीत आला की सगळ्या घरांतल्या बायका पातेली घेऊन बाहेर येतात, म्हणजे पातेली अजून सगळ्यांनी जपून ठेवलेली आहेत. भुश्याच्या दाबलेल्या फळीचं फर्निचर मात्र जुनं कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. तिला एकदा पाणी लागलं की ती फुगते, आणि एकदा स्क्रू निघाला की त्याच जागी दुसरा धरत नाही. तिच्यात दुरुस्त करायला काही नसतंच. भंगारवाल्याच्या गाडीवर सगळ्यात वर हल्ली तीच असते, तीन-चार वर्षांची, कोपरे फुगलेली.

त्या दाराच्या पैशांचं मी काय केलं? त्या घरवाल्याला हुडकायचा प्रयत्न केला. अण्णांना एवढंच आठवत होतं की जांबोटीच्या पलीकडचं कुठलंतरी गाव, घर कुणाचं ते त्यांच्या माणसालाही सांगता येईना. कणकुंबीला माउलीच्या दर्शनाला जाताना आता माझं लक्ष रस्त्याच्या कडेला असतं. नवीन स्लॅबच्या घराशेजारी जुनं जोतं तसंच असतं, कधी त्यावर तुळस, कधी भाताची मळणी. ह्यातल्या कुठल्या जोत्यावर आमचा उंबरा होता ते कळायचं नाही. पण ह्या विचारातूनच एक गोष्ट झाली. नंदगडाकडं आमच्या मामेसासऱ्यांचं घर आहे, मातीच्या भिंतींना तडे गेले होते आणि पावसाआधी ते उतरवायचं ठरलं. जेसीबीवाल्याशी त्यांचं ठोक बोलणं झालंच होतं. आम्ही मेस्त्रींना घेऊन आधी गेलो. मेस्त्रींनी कौलं उतरवून घेतली, एकेक ठोकून बघितलं, खणखणीत ती एका बाजूला, बद्द वाजणारी दुसऱ्या बाजूला. वासे, आढं, दारं, खिडक्या खडूनं नंबर घालून उतरवल्या, लांबी-रुंदी मापून घनफूट काढले, वहीत लिहिले. मामांनी दोन दारं आणि देवघराची चौकट नव्या घरासाठी ठेवून घेतली. त्यात वास्तूवाल्याला विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. बाकीचं मोजून विकलं. जेसीबीचं भाडं त्या पैशांतून देऊन वर चांगली रक्कम उरली. मामी म्हणाल्या, "आम्हाला वाटलेलं, कचराच आहे हा." तेव्हापासून कुणाचं जुनं घर उतरणार असं कानावर आलं की मी एवढंच सांगायला जाते: जेसीबीच्या आधी सुताराला बोलवा.

त्यातले चार मत्तीचे वासे आम्ही घेतले, त्याच भावानं, एक पैसा कमी न करता.

ते कशाला, तर मुलीला अभ्यासाचं टेबल पाहिजे. कॅम्पातलं टेबल तिला नको. तिच्या मैत्रिणींकडं नवीन, पांढरी, कप्प्यांची टेबलं आहेत आणि तिचं म्हणणं असं की आपल्या घरात प्रत्येक वस्तूवर दुसऱ्या कुणाच्या तरी खुणा आहेत, मला एक अशी पाहिजे जिच्यावर पहिली रेघ माझी असेल. मी रागावणार होते, पण विचार केला तर तिचं बरोबर आहे. माझ्या हौसेचं ओझं तिनं का उचलावं? जुन्याची आवड मला वय झाल्यावर लागली, तिला आताच लागावी असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. म्हणून टेबल नवीनच करायचं ठरलं. लाकूड मामांच्या घरचं, घडण नवी. तिनं स्वतः कागदावर आकृती काढली आहे: डावीकडं तीन खण, पैकी एकाला कुलूप, आणि वर पुस्तकांना मांडणी. मेस्त्रींनी ती आकृती बराच वेळ उलटसुलट करून बघितली, खणाची खोली दोन इंच कमी करायला सांगितली, तिनं दीड इंचावर तोडलं. वासे कापून फळ्या आणल्यात, पडवीत एकावर एक, मधे पट्ट्या ठेवून वाळत घातल्यात. मत्ती जड लाकूड, रंध्याची पाती बोथट करतं, दोन दिवस जास्त लागतील, मजुरी तशी धरा, असं मेस्त्री आधीच सांगून गेलेत. सध्या ते गणपतीच्या मखरांच्या कामात आहेत. अनंत चतुर्दशी झाली की येतो म्हणालेत.